जहाजाच्या वहीतील नाव

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त वैराग येथे झालेले व्याख्यान)



ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषीच्या आणि नदीच्या बाबतीत ती खरी असेल. परंतु ज्याचे मूळच तुटले आहे, त्याला ते शोधल्यावाचून चैन पडत नाही. गावात राहणाऱ्याला आपले गाव कोणते हा प्रश्न कधीच पडत नाही. तो पडतो गाव सुटलेल्याला, आणि त्याच्यापेक्षाही अधिक त्याच्या नातवंडांना. आजचा विषय अशा नातवंडांचा आहे. ज्यांचे पूर्वज दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी जहाजात बसून सातासमुद्रापलीकडे गेले, ते आपले मूळ कसे शोधतात आणि त्यावरून वैरागसारख्या गावाने काय शिकावे, एवढ्यापुरतेच हे बोलणे आहे.

हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेला, मॉरिशस नावाचे बेट आहे. तेथे उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांत गुलाम राबत असत. इंग्रज सरकारने १८३३ साली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला व १८३५ साली मॉरिशसमध्ये तो अमलात आला. मळेवाल्यांना मजूर मिळेनात. त्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागले. तेथून जी रीघ लागली ती विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालली. सुमारे साडेचार लाख माणसे या एका बेटावर उतरली. त्यांतील अदमासे एक तृतीयांश पुढे मायदेशी परतली आणि बाकीची तेथलीच झाली.

पुढे हीच पद्धत ब्रिटिश गियाना, त्रिनिदाद, नाताळ, सुरिनाम, फिजी येथवर पोचली. कराराला इंग्रजीत ॲग्रीमेंट म्हणतात. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले आणि करारावर गेलेला तो ‘गिरमिटिया’ झाला. काही वर्षांचे बंधन, महिन्याला पाच रुपयांच्या आसपास पगार आणि वर शिधा, असा तो मामला होता. कागदावर तो करार होता, पण मळ्यावर पोचल्यावर गैरहजेरीबद्दल पगार कापणे आणि परवान्याशिवाय मळा सोडला म्हणून तुरुंग दाखवणे हेही त्याच करारात येत असे. हिंदुस्थानातून अशी मजूरभरती १९१७ साली थांबली.

मॉरिशसला गेलेल्यांत बहुसंख्य बिहारकडचे व मद्रास इलाख्यातले होते. त्या मानाने मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा लहान होता. पण तो वाटा आपला, मराठी माणसाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही माणसे गेली. त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडची मंडळी अधिक, तरी घाटावरचीही होती. भाषा हळूहळू क्रिओल झाली, पण देव सुटले नाहीत. हेन्रिएटा या गावी १८९६ सालापासून गणेशचतुर्थी साजरी होत आली आहे आणि आज त्या देशात गणेशचतुर्थीला सरकारी सुटी असते. कोकणातली जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने टिकली. घरच्या कार्यात गोंधळ घालण्याची चालही टिकली. वैरागहून तुळजापूर काही फार दूर नाही. गोंधळाचा अर्थ येथील माणसाला सांगण्याची गरज नाही.

श्रोतेहो, आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या माणसांची नोंद कशी झाली?

जहाज पोर्ट लुईला लागले की मजुरांना धक्क्यावरच्या वसाहत-तळावर उतरवीत. १८४९ सालापासून बांधलेला तो तळ आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो आणि २००६ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला आहे. तेथे कारकून वही घेऊन बसलेला असे. प्रत्येक माणसाला एक अनुक्रमांक मिळे. त्या क्रमांकापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव, जहाजाचे नाव आणि उतरल्याची तारीख लिहिली जाई. १८६० नंतरच्या दशकात छायाचित्रेही घेतली जाऊ लागली. वही लिहिण्यामागे प्रेम नव्हते. माणूस मळ्यावरून पळाला तर ओळखता यावा, कोणत्या मळेवाल्याकडे किती मजूर दिले याचा हिशेब राहावा, यासाठी ती होती. गुरांच्या बाजारात पावतीवर शिंगांचा आकार आणि कपाळावरचा चांद लिहितात, तसाच तो प्रकार होता.

पण काळाची गंमत अशी की, माणसाला बांधून ठेवण्यासाठी लिहिलेली ती ओळच आज त्याच्या वंशजांना वाट दाखवते. तो अनुक्रमांक माणसाला जन्मभर चिकटला. त्याचे लग्न झाले, मूल झाले, तो वारला, तरी सरकारी कागदावर तोच आकडा येई. म्हणून मॉरिशसमधला आजचा शोधकर्ता घरापासून आरंभ करतो. आधी बापाचा जन्मदाखला, मग आजोबाच्या लग्नाचा दाखला, मग पणजोबाचा मृत्यूचा दाखला, असे एकेक पायरीने मागे जात तो आकडा सापडेपर्यंत चालतो. आकडा सापडला की मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जातो. या संस्थेची कोनशिला १९७० साली श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते बसली व १९७६ साली संस्थेचे उद्घाटन झाले. जुन्या वसाहत-खात्याच्या वह्या तेथे सांभाळून ठेवल्या आहेत. वहीतली ओळ निघाली की जहाज कळते, वय कळते, बापाचे नाव कळते आणि नशिबात असेल तर गाव कळते.

असे मूळ सापडल्याची मोठी उदाहरणे आहेत. स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे वडील मोहित रामगुलाम हे बिहारमधील भोजपूर भागातल्या हरिगावचे. १८९६ साली अठराव्या वर्षी ते ‘हिंदुस्तान’ नावाच्या जहाजाने तेथे गेले. त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर २०१२ साली आपल्या पणजोबांच्या गावी, बिहारमधील बक्सर जिल्ह्यातल्या भेलूपूरला आल्या. देशाचा कारभार पाहणारी बाई एका खेड्याच्या धुळीत उतरून आपले घर कोणते ते विचारते, यातच सगळे आले.

आणि हा केवळ भावनेचा प्रश्न राहिलेला नाही. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या असता, तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड मिळू शकेल, अशी विशेष तरतूद जाहीर झाली. ते कार्ड मागणाऱ्याला पूर्वज भारतातून आल्याचा पुरावा दाखवावा लागतो. जहाजाच्या वहीतली ती एक ओळ आता कामाचा कागद झाली आहे.

परंतु मराठी वंशजाचा शोध बिहारी वंशजापेक्षा अवघड जातो, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण नावाचे. आपल्याकडे त्या काळी आडनाव सर्रास लावीत नसत. कारकुनाने नाव विचारले, माणसाने ‘धोंडी’ सांगितले, बापाचे नाव ‘बापू’ सांगितले. पुढे मुलांची नावे दप्तरात चढताना बापाचे किंवा आजाचे नावच आडनाव होऊन बसले. म्हणजे गावाकडे जे शिंदे, जाधव, गायकवाड, ते तिकडे ‘बापू’ किंवा ‘धोंडी’ झाले. त्यांनी येथे येऊन ‘बापू’ आडनावाचे घर विचारले, तर सगळे गाव माना हलवणार. म्हणून आडनाव विचारण्यापेक्षा दोन-तीन पिढ्यांची नावे, कुलदैवत आणि देवक विचारणे अधिक शहाणपणाचे. कागद नसला तरी कुलदैवत सहसा विसरले जात नाही.

दुसरे कारण लिपीचे. लिहिणारा इंग्रज किंवा फ्रेंच, सांगणारा मराठी. आपले ‘ळ’ आणि ‘ण’ त्यांच्या लिपीत नाहीत. सोलापूरचे ‘शोलापूर’ आणि बार्शीचे ‘बार्सी’ तर इंग्रजी अमदानीत सरकारी कागदावरच रूढ होते. मग वैरागचे ‘बैराग’ किंवा ‘वायराग’ व्हायला कितीसा वेळ? शोधणाऱ्याने नाव डोळ्यांनी न वाचता मोठ्याने उच्चारून पाहावे, म्हणजे पुष्कळ गाठी सुटतात.

तिसरे कारण जिल्ह्याचे, आणि ते आपल्या भागाला विशेष लागू पडते. १८३८ साली सोलापूर हा अहमदनगरचा उपजिल्हा झाला. बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा हे भाग त्यात होते. १८६४ साली तो उपजिल्हा मोडला. १८७१ साली सोलापूर जिल्ह्याची पुन्हा रचना झाली आणि त्यात सोलापूर, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा यांच्याबरोबर साताऱ्याकडचे पंढरपूर व सांगोले आले. तेव्हा १८५० च्या सुमाराच्या वहीत एखाद्यापुढे ‘जिल्हा नगर’ असे लिहिलेले असेल, तर ते गाव आजच्या नगर जिल्ह्यातच शोधत बसणे चुकीचे. तो माणूस बार्शी तालुक्याचाही असू शकतो. पलीकडे निजामाचा मुलूख होता आणि १९४८ पर्यंत तो राहिला. त्या हद्दीवरच्या गावांची नोंद कधी एका राज्यात तर कधी दुसऱ्यात सापडते. जुन्या वहीतला जिल्हा हा त्या सालचा जिल्हा समजावा, आजचा नव्हे.

चौथे कारण माणसाच्या मनाचे. घरातून न सांगता निघालेला, सावकाराच्या तगाद्याने पळालेला, किंवा बिरादरीने टाकलेला माणूस भरतीच्या तळावर खरे नाव, खरी जात सांगेलच असे नाही. म्हणून वहीतल्या जातीच्या रकान्यावर फार विसंबू नये, आणि पूर्वज कोणत्या जातीचा निघाला यावरून कोणी फुगू नये की खजील होऊ नये. जहाजावर एका तव्याची भाकरी खाल्लेल्यांनी एकमेकांना ‘जहाजी भाई’ मानले आणि ते नाते सख्ख्या नात्यासारखे पिढ्यान्‌पिढ्या पाळले. समुद्राने जे पुसले ते आपण पुन्हा लिहू नये.

ग्रामस्थहो, एवढ्या अडचणी पार करून जर कोणी वंशज गावाच्या वेशीपर्यंत आला, तर पुढे काय? खरा घोटाळा येथेच होतो. समुद्रापलीकडचा कागद शाबूत आहे, गावातला कागद हरवला आहे. परक्यांनी मजुराची ओळ जपली आणि घरच्यांनी भावाची जपली नाही, असे म्हणण्याची पाळी येते.

वास्तविक आपल्याकडे वही नव्हती असे मुळीच नाही. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या प्रसिद्ध आहेत. यजमान आला की गाव, तालुका, बापाचे-आजाचे नाव, भाऊ, मुलगे, सारे लिहून घ्यायचे व खाली त्याची सही किंवा अंगठा. पणजोबाचा अंगठा पणतूला दाखवणारी दुसरी जागा नाही. या वह्यांचे मोल परदेशी लोकांनीही ओळखले. अमेरिकेतील युटा येथील वंशावळी संस्थेने १९७७ सालापासून हरिद्वार आदी तीर्थांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली. दक्षिणेकडच्या आपल्या जिल्ह्यांत हेळवी येत. बैलावर बसून दारात यायचे, घराण्याची सारी शाखा तोंडपाठ म्हणायची, नवीन जन्मलेल्या मुलाचे नाव वहीत चढवायचे आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचे. आज त्यांची मुले शिकली, इतर धंद्याला लागली, त्यात वाईट काही नाही. पण त्यांची वही कोठे गेली, याची चौकशी करणारा हवा.

सरकारी दप्तरही आहे. जन्म-मृत्यूची कोतवाल बुके, फेरफाराच्या नोंदी, शाळेचे जनरल रजिस्टर, इनामाची कागदपत्रे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा महाराष्ट्रभर तहसिलीतली जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणारा माणूस मिळेना म्हणून धावाधाव झाली. ज्या कागदाला वाळवी लागली तरी कोणी पाहत नव्हते, त्याच्यासाठी रांगा लागल्या. एक ओळ काय करू शकते हे तेव्हा प्रत्येक घराला कळले. पण गरज पडल्यावर विहीर खणण्यापेक्षा आधीच खणलेली बरी.

आणखी एक गोष्ट येथे जमलेल्या भगिनींसमोर मुद्दाम सांगितली पाहिजे. जहाजाच्या त्या वहीत बाईला स्वतंत्र ओळ होती. तिचा स्वतःचा अनुक्रमांक, तिचे नाव, तिच्या बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, तिचे गाव. मळेवाल्यांनी तिला मजूर म्हणून मोजले, पण मोजले. आपल्या वंशावळी काढून पाहा. सात पिढ्यांचे पुरुष ओळीने उभे आहेत आणि त्यांत बाई एकही नाही. जणू सारे घराणे बापांनीच वाढवले! पणजीचे नाव विचारले तर चांगल्या चांगल्या घरांत माणसे एकमेकांकडे पाहतात. तिचे माहेर विचारले तर विषयच संपतो. अर्धे कूळ अशा रीतीने आपणच बुडवले आहे आणि त्याला काळे पाणी ओलांडावे लागले नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचे नाव लावणे राज्य शासनाने सक्तीचे केले आहे. सरकारने जे उशिरा केले ते गावाने तरी आता मनापासून करावे.

गाव सोडण्याची गोष्ट काही जहाजाबरोबर संपली नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळला, माणसे वाट फुटेल तिकडे गेली. १८७७ साली सोलापुरात कापडाची गिरणी सुरू झाली आणि खेड्यांतून तिकडे ओघ लागला. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे धावू लागली व मुंबई जवळ आली. १९७२ च्या दुष्काळात किती घरांना कुलपे लागली हे येथील वडीलधाऱ्यांना माहीत आहे. आज मुले पुण्याला, हैदराबादला, त्याही पलीकडे जातात. त्यांच्या प्रवासाची कोणतीही वही नाही. एस.टी.च्या तिकिटावर नाव नसते. जहाजात बसून गेलेल्याचा माग लागतो, पण एस.टी.त बसून गेलेल्याचा तिसऱ्या पिढीत लागत नाही, अशी ही उलटी स्थिती आहे.

म्हणून जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी गावापुढे चार गोष्टी ठेवाव्याशा वाटतात.

पहिली, देणगीदारांच्या यादीबद्दल. फलकावर नाव आणि रक्कम असतेच. त्याबरोबर बापाचे व आईचे नाव, पत्नीचे नाव, तिचे माहेर आणि सध्याचे राहण्याचे ठिकाण एवढे समितीच्या वहीत तरी लिहून ठेवावे. रक्कम काही वर्षांनी कोणी विचारणार नाही, नाव विचारीत लोक येतील. ज्याने रुपया दिला नाही पण पाया खणताना घमेले उचलले, त्याचेही नाव त्या वहीत असावे.

दुसरी, मंदिरात एक जाड कागदाची, पक्क्या बांधणीची वही ठेवावी. दर घराला एक पान. आज हयात असलेल्या वृद्धांना आठवते तेथपासून नावे लिहावीत, मुलींची व सुनांची सुद्धा. गाव सोडून कोण गेले, कोणत्या साली, कोठे, हे लिहावे. वहीत जातवारी नको आणि मानपानही नको. घरे आळीवार लिहावीत. दरवर्षी यात्रेच्या दिवशी तिचे वाचन व्हावे, म्हणजे चूक लगेच कळते. तिची दुसरी प्रत शाळेत किंवा वाचनालयात असावी, कारण एकाच जागी ठेवलेला कागद म्हणजे पावसाची आणि उंदराची वाट पाहणारा कागद.

तिसरी, जुन्या घराची पाडापाडी करताना माळ्यावरची मोडी कागदांची गाठोडी रद्दीत देऊ नयेत. वाचता येत नाहीत म्हणून ती निरुपयोगी ठरत नाहीत. मंदिराच्या कामातही जुनी वीरगळ किंवा अक्षरे कोरलेला दगड निघाला तर त्यावर रंग किंवा सिमेंट चढवू नये.

चौथी सर्वांत सोपी आणि सर्वांत महत्त्वाची. कोणी परमुलखातला माणूस तोडक्या भाषेत, हातात एक सरकारी उतारा घेऊन आपले घर विचारीत आला, तर त्याला जमिनीत वाटा मागायला आलेला समजू नये. त्याला पाणी द्यावे, बसवावे, वही उघडून दाखवावी. घर सापडले तर आनंदच आहे. नाही सापडले तरी देवळाच्या पायरीला हात लावून त्याला माघारी जाऊ द्यावे.

देऊळ दगडाचे असते, ते शंभर वर्षांनी पुन्हा जीर्ण होईल आणि पुन्हा बांधता येईल. एकदा विसरलेले नाव मात्र पुन्हा बांधता येत नाही. परक्या बंदरात, परक्या लिपीत, परक्या कारकुनाने घाईघाईत लिहिलेली एक ओळ पावणेदोनशे वर्षे टिकते आणि नातवाला घरी आणते, तर आपल्याच गावात, आपल्याच भाषेत, आपल्याच हाताने लिहिलेली ओळ किती टिकेल याचा प्रत्येकाने विचार करावा. गाभाऱ्यातली समई जशी कोणी ना कोणी रोज लावतो, तशी ही वही कोणी ना कोणी पुढे लिहीत राहावी, एवढी प्रार्थना ग्रामदैवताच्या आणि ग्रामस्थांच्या चरणी ठेवून हे व्याख्यान येथे पूर्ण होत आहे.